छताआडचे हुक

कुणाच्याही घरी गेलो की मी आधी वर बघतो. लोकांना वाटतं, हा मनातल्या मनात देवाचं नाव घेतोय. मी बघत असतो छताचे सांधे. सत्तावीस वर्षं मी फॉल्स सीलिंग लावतोय, म्हणजे खऱ्या स्लॅबखाली जिप्समचं एक गुळगुळीत, गोरंपान, खोटं छत टांगायचं आणि वरचा सगळा पसारा झाकून टाकायचा. झाकणं हाच माझा धंदा. माणसांना काय काय झाकायचं असतं हे मला जेवढं ठाऊक आहे, तेवढं त्यांच्या घरच्यांनाही नसेल.

झाकलेल्यात बघण्यासारखं सहसा काही नसतं. वायरमन म्हणवणारे लोक स्लॅबखाली वायरी सोडून देतात, जमेल तशा. एखादी माझ्याच चौकटीवर रेलून पडलेली, एखादीने पाण्याच्या पाइपला मिठी मारलेली, चार-पाच प्लास्टिकच्या टायने आवळून एका खिळ्याला लटकवलेल्या. 'वर कोण बघतंय?' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि खरंच कुणी बघत नाही. मी बोर्ड ठोकतो, सांधे भरतो, रंगारी येऊन जातो, आणि मालक खाली उभा राहून 'वा' म्हणतो.

हातभर नावाच्या वायरमनचं काम मी पहिल्यांदा पाहिलं ते दातांच्या एका दवाखान्यात. सवयीने शिडीवर चढलो, टॉर्च लावला, आणि तसाच उभा राहिलो. सगळ्या वायरी भिंतीला समांतर. तिरका शॉर्टकट कुठेही नाही. कोपऱ्यावर त्या अलगद वळलेल्या, कुठे मोड नाही, ताण नाही. दर हातभर अंतरावर स्लॅबमध्ये पक्का बसवलेला एक लोखंडी हुक. तोही बाजारातला नाही, पट्टी वाकवून घरी केलेला. हुकाच्या पोटात रबराचा तुकडा, त्यावर वायरींचा जुडगा, आणि वरून पत्र्याची क्लिप. या टोकाला डोळा लावला तर त्या टोकापर्यंत एकामागे एक हुक, आणि एकही रेषेच्या बाहेर नाही. मी मदतनिसावर ओरडत होतो, तो ओरडायचा थांबलो. त्या जागेत मोठ्याने बोलणं बरं दिसेना.

घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "वायरी बघून आलात, आणि तोंड असं केलंय जसा काही समुद्र बघून आलात." समुद्र मी तोवर पाहिला नव्हता. पण पुढे पाहिला तेव्हा मला ते दवाखान्याचं छतच आठवलं, हे खोटं नाही.

त्याचं खरं नाव पावतीवर असायचं. बाकी सगळे त्याला हातभरच म्हणायचे. माणूस उंच, काटकुळा, आणि हात अंगापेक्षा एक माप मोठे. वडील शिंपी. त्यांची टेप हरवली की ते कापड कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हातावर मोजायचे, आणि मुलाने तेवढंच उचललं. खिशात टेप होती, पण ती बाहेर निघायची फक्त मालक समोर असला तर. मालक वळला की हा शिडीवर आपला हात स्लॅबला लावायचा, बोटाच्या टोकाशी पेन्सिलची खूण करायचा, पुन्हा कोपर त्या खुणेवर ठेवायचा. मी एकदा त्याच्यामागून टेप लावून पाहिली. बारा हुकांत सुतभराचाही फरक नव्हता. टेप गुपचूप गुंडाळून ठेवली.

हुक बसवून झाले की त्यांची परीक्षा. वायरींचं वजन ते किती! पण हा पठ्ठ्या प्रत्येक हुकाला आपली हत्यारांची पिशवी अडकवायचा आणि सावकाश शंभरपर्यंत आकडे म्हणायचा. चाळीस हुक असले तर चाळीस वेळा शंभर. मी खाली बोर्ड घेऊन तिष्ठत. एकदा माझा तोल सुटला.

"दादा, वायरी टांगतोयस का म्हशी? टाय मार आणि मोकळा हो. जिप्समच्या वर काय आहे हे बघायला कोण जाणारे?"

"माझे दाजी," तो म्हणाला. आकडे मात्र त्याने चुकू दिले नाहीत. पंच्याण्णव, शहाण्णव, करत शंभर पुरे केले आणि मग खाली उतरून सांगितलं.

त्याच्या मोठ्या बहिणीचे यजमान अग्निशमन दलात. एका गोदामाच्या आगीत ते आत गेले. धुरात हातापुढचं दिसत नव्हतं. वरचे प्लास्टिकचे टाय वितळले आणि सगळ्या वायरी जाळ्यासारख्या अंगावर आल्या. पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरला गुंतल्या, गळ्यात अडकल्या. जोडीदाराने कापून काढलं म्हणून दाजी बाहेर आले. जोडीदाराने काढेपर्यंत गेलेली चार मिनिटं ते अजून झोपेत हातपाय झाडत काढतात, असं बहीण सांगते.

"आग लागली की प्लास्टिक आधी हात सोडतं," हातभर म्हणाला. "लोखंड धरून ठेवतं. आत जाणाऱ्या माणसाला तेवढा रस्ता मोकळा मिळाला पाहिजे. बाकी कुणासाठी करत नाही मी हे."

त्यानंतर मी त्याच्या आकड्यांना कधी हसलो नाही. शंभर होईस्तोवर गुमान उभा राहायचो. काम संपलं की तो जमिनीवर उभा राहून मान वर करून एकदा सगळं बघून घ्यायचा आणि म्हणायचा, "झाक आता." मग मी झाकायचो. पहिला बोर्ड लावायच्या आधी दरवेळी मी टॉर्च एकदा फिरवून घ्यायचो. एवढं मोठं काम, आणि ते बघणारा मी शेवटचा!

स्वभावाने मात्र तो तिरसट. एका प्लंबरने एकदा त्याच्या हुकावर पाइप टेकवला. त्या प्लंबरशी तो नऊ वर्षं बोलला नाही. दोघं एकाच जिन्यात समोरासमोर राहायचे.

आता माझं सांगतो. एका जुन्या छापखान्याचं पाळणाघर करायचं होतं. स्लॅब चौदा फुटांवर. पाळणाघर चालवणाऱ्या ताईंना छत दहा फुटांवर हवं होतं, म्हणजे मध्ये चार फुटांची पोकळी. हातभरने त्या पोकळीत स्लॅबपासून टांगलेली एक फळी हट्टाने बसवून घेतली, पुढे कुणाला वर जायचं झालं तर छतावर पाय न देता सरपटत जाता यावं म्हणून. वायरी ओढल्या, शंभर शंभर मोजले, 'झाक आता' म्हणाला आणि दुसऱ्या कामाला गेला. सोमवारी पाळणाघर उघडणार होतं. शनिवारी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की छत टांगायच्या पट्ट्या चौदा कमी आहेत.

दुकान बंद. ताई दारात उभ्या. पालक येऊन खोली बघून गेलेले. आणि माझ्या डोळ्यांसमोर हातभरचे हुक, ओळीने, म्हैस टांगली तरी न हलणारे. मी बांधायची तार घेतली आणि माझ्या छताची चौकट चौदा जागी त्याच्या हुकांना बांधून टाकली. उद्या पट्ट्या आणतो आणि बदलतो, असं स्वतःलाच बजावलं. तो उद्या काही आला नाही. आधी दुसरं काम आलं, मग पावसाळा, मग मुलीची परीक्षा, आणि मग तो विषयच मी मनात झाकून टाकला. माझा हातखंडा आहे त्यात.

अकरा वर्षं गेली. पाळणाघरासमोरून जायचो तेव्हा दर वेळी मान खाली घालायचो. वर बघणारा मी!

गेल्या महिन्यात शनिवारी ताईंचा फोन आला.

"भाऊ, मोठ्या खोलीची सगळी वायरिंग बदलायचीय. तुमचे ते वायरमनच करतायत. सोमवारपासून जुने हुक काढणार. वर जायची झडप रंगाने चिकटलीय, ती तेवढी उघडून द्याल का? वायरमन म्हणाले, छतवाल्यालाच बोलवा."

"आणि मुलं?"

"मुलं शेजारच्या खोलीत. दुपारी झोपायला मात्र इथंच आणावी लागतील, तिकडे जागा नाही. काम वरच्या वर आहे ना, खाली काही नाही म्हणाले."

फोन ठेवला आणि माझी पाचावर धारण बसली. हुक काढले की चौकट सुटणार. चौकट सुटली की छत. खाली मुलं झोपलेली आणि वर फळीवर हातभर. त्याला सांगायचं म्हणजे इतक्या वर्षांच्या दोस्तीवर पाणी सोडायचं. प्लंबरने नुसता पाइप टेकवला होता, मी अख्खं छत टेकवलं होतं. ताईंना सांगायचं म्हणजे गावभर बोभाटा. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "पट्ट्या आहेत ना घरात आता? मग जा की उद्याच."

रविवारी सकाळी आठला मी चौदा पट्ट्या आणि ड्रिल घेऊन पाळणाघरात हजर. कुणाला न सांगता चौदा जागी पट्ट्या लावायच्या, गाठी कापायच्या आणि झडप उघडून दिल्याचं दाखवून घरी यायचं, हा बेत. ताईंनी कुलूप काढलं. जमिनीवर सतरा छोट्या गाद्या भिंतीला लावून ठेवलेल्या. वाचता न येणाऱ्यांना आपली गादी ओळखता यावी म्हणून प्रत्येकीवर एक चित्र शिवलेलं: बदक, छत्री, चेंडू, किल्ली. मी तिकडे फार बघितलं नाही.

ताई स्वयंपाकघरात गेल्या. मी झडप सोडवली, फळीवर आडवा झालो, टॉर्च लावला आणि पहिल्या गाठीपाशी सरकत गेलो.

गाठ होती. गंजलेली, धूळ बसलेली. पण ती सैल होती. तिच्यावर भारच नव्हता. गाठीच्या शेजारी, चार बोटांवर, स्लॅबमधून एक जाड पट्टी खाली आली होती आणि तिने माझी चौकट उचलून धरली होती. पट्टी वाकवलेली होती घरी. टोकाला रबराचा तुकडा. ती मी लावलेली नव्हती.

दुसऱ्या गाठीपाशी गेलो. तिथेही तसंच. तिसऱ्या, चौथ्या. मी भराभर सरकायला लागलो. गुडघे सोलवटले. पाचव्या, आठव्या, अकराव्या गाठीशेजारी एकेक पट्टी, सगळ्या एका रेषेत, आणि माझ्या गाठी जागच्या जागी, एकही कापलेली नाही. स्लॅबवर पेन्सिलच्या बारीक खुणा होत्या. हा माणूस कधीतरी इथे आला होता, एकटाच, असा पालथा पडून, माझ्या पापाच्या प्रत्येक जागेपाशी थांबला होता, प्रत्येक पट्टीला पिशवी अडकवून शंभर म्हणाला होता, आणि खाली येऊन माझ्याशी नेहमीसारखा बोलला होता. अकरा वर्षं! मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि छतात पालथं पडून दोन्ही नीट करता येत नाही.

तेरा झाल्या. चौदावी मला पाठ होती. कोपऱ्यात, खिडकीच्या वर, तुळईच्या पलीकडे. तिथे त्याची लाइन तुळई ओलांडून भिंतीने खाली उतरते, म्हणून शेवटचा एक हुक त्याने पलीकडे बसवला होता. फळी तुळईपाशीच संपते. मी मान वाकडी करून टॉर्च पलीकडे घातला.

तिथे पट्टी नव्हती. नुसती माझी गाठ, आणि ती ताठ. हुक स्लॅबमधून बोटभर बाहेर आला होता. पंख्याच्या थरथरीने माझी तार अकरा वर्षं वायरींवर घासत राहिली होती. वरचं आवरण कापलं गेलं होतं आणि आत तांबं चकाकत होतं.

मी खाली ओरडून ताईंना मेन स्विच बंद करायला सांगितला. झडप उघडतोय, म्हटलं. मग तसाच पडून राहिलो. पिशवीत पट्टी होती, हातात ड्रिल होतं, ते बॅटरीवर चालणारं. वीस मिनिटांचं काम. आवरणावर टेप गुंडाळली की कुणाला कळणार नव्हतं. मनात आलं, आणि खोटं कशाला बोलू, चांगलं दोनदा आलं.

तेवढ्यात खालून आवाज आला. "ए छतवाल्या, उतर खाली. किती वेळ?"

हातभर शिडीपाशी उभा होता. केस सगळे पांढरे झालेले, हात मात्र तेवढेच लांब. माझ्या पिशवीतल्या पट्ट्या त्याने पाहिल्या.

"म्हणजे आलास," तो म्हणाला. "मी म्हटलंच होतं ताईंना, रविवारीच येईल."

"दादा, तुला माहीत होतं?"

"महिन्याभराने पंख्याची जोडणी बघायला वर गेलो होतो. दोन सुट्ट्या गेल्या माझ्या तुझ्यापायी."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर पुन्हा माझ्यामागे छत झाकायला आला असतास? दुसरा कुणीतरी आला असता. तुझ्या गाठी कुठे असतात ते तरी मला कळलं. त्याच्या कुठे शोधत बसलो असतो?"

"आणि कापल्या का नाहीस?"

"तुझ्या आहेत. तू काप." मग तो जरा हसला. "मोजल्यास ना? तेरा."

त्याच्या तोंडावर पुरती खात्री होती. हो म्हटलं असतं तर संपलं होतं. त्याचा शब्दही राहिला असता आणि माझीही लाज. वरचं टेपने झाकता आलं असतं. झाकायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"चौदा," मी म्हटलं. "एक तुळईच्या पलीकडे आहे. जाऊन बघ."

तो वर गेला. साठीच्या माणसाच्या मानाने भराभर गेला. फळी कुरकुरली, मग थांबली. टॉर्चचा उजेड झडपेतून दिसत होता, तो हलेना. मी शिडी धरून उभा. असा शिव्या घालेल, तसा घालेल, सगळं मनात ऐकून घेतलं.

खाली उतरला तेव्हा शेवटची पायरी चुकला आणि मी त्याला धरला. चेहरा राखेसारखा.

"हुक माझाच," तो म्हणाला. "मीच बसवला आणि मीच विसरलो. फळीवरून दिसतात तेवढेच मोजले."

"गाठ माझी होती, दादा."

"गाठ तुझी. मोजणी माझी. तू अकरा वर्षं निदान घाबरून तरी होतास. मी तेरा मोजून निवांत झोपत होतो."

त्याच्या तोंडून असं काही ऐकायची माझी तयारी नव्हती. शिव्या परवडल्या असत्या. आम्ही दोघं वर गेलो. फळी संपते तिथून त्याने हात लांब करून तुळईपलीकडे जागा दाखवली. खूण मी केली. भोक मी पाडलं, पट्टी त्याने बसवली, पिशवी अडकवली. आकडे दोघांनी म्हटले. मग मी माझ्या चौदाही गाठी कापल्या, एकेक करून, आणि छत जागचं हललं नाही.

उतरून बघतो तर ताई खाली उभ्या. आमचं बोलणं त्यांनी किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. त्या खिडकीखालच्या कोपऱ्याकडे बघत होत्या.

"तिथं होतं?" त्यांनी विचारलं. "तिथं वारा येतो म्हणून सगळ्यात लहान असेल त्याला मी तिथं झोपवते. दर वर्षी."

मग त्या आमच्याकडे वळल्या.

"कुणाची चूक?"

"माझी," मी म्हटलं.

"आमची," हातभर म्हणाला.

ताईंनी फोन काढला, उद्या पाळणाघर बंद असल्याचा निरोप पालकांना पाठवला, आणि पदर खोचला. "शिडी धरा," म्हणाल्या. "मला बघायचंय वर काय आहे ते."

मी नको म्हणणार होतो, पण त्यांचा चेहरा पाहून शिडी धरली. त्या फळीवर आडव्या झाल्या. आधी त्यांचा उजेड इकडून तिकडे भिरभिरला, मग एका ओळीने हळूहळू सरकत गेला, टोकापर्यंत गेला, परत आला. हातभर जमिनीकडे बघत उभा होता. त्याचं काम इतक्या वर्षांत कुणा मालकाने पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते नेमकं या दिवशी.

बऱ्याच वेळाने ताई उतरल्या. केसांत जळमटं, डोळे भरलेले. त्यांनी एकदा त्याच्या त्या लांब हातांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळल्या.

"हे असं काम," त्या म्हणाल्या, "आणि त्याला तुम्ही गाठी मारल्यात?"

मी हो म्हटलं.